बेडवर नसलेले काका

"हॅलो? तुमचे काका बेडवर नाहीयेत!"

"कोणते काका?"

"कोणते म्हणजे? तुम्ही पुतणे ना? नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर आहे. बाथरूम बघितली, जिना बघितला, कँटीनसुद्धा बघून आले. त्यांचं जेवणाचं ताट येऊन गार झालं. तुम्ही आहात कुठे?"

मी कुठे होतो? त्याच हॉस्पिटलात. तळमजल्यावर, कॉम्प्युटर रूममध्ये. आणि मला काकाच नाहीत.

सांगतो. कॉम्प्युटर मी स्वतःच शिकलो, मोडून आणि जोडून. दिवसा इथे नोकरी, उरलेल्या वेळात ऑनलाइन मास्टर्स – हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स. म्हणजे पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर कशी ठेवायची आणि ज्याला हवी त्याला, हवी तेव्हा कशी दाखवायची, याचा अभ्यास. आई सगळ्यांना सांगते, "डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचा डॉक्टर होतोय." प्रोजेक्टसाठी मी एक खोटा पेशंट बनवला होता. नाव टेस्ट काका, तक्रार गुडघेदुखी, नातेवाईक पुतण्या – म्हणजे मीच, माझ्याच नंबरासकट. टाकायचे होते सरावाच्या सिस्टिममध्ये. पण खरी आणि सरावाची, दोन्ही दिसायला जुळ्या. सरावाच्या सिस्टिमला वर एक पिवळी पट्टी असते, तेवढाच फरक. मी पट्टी बघितलीच नाही. काका थेट खऱ्या वॉर्डात भरती!

वर गेलो. नर्सच्या टेबलाशी ती, फोन करणारी नर्स, उभी. अंबाड्यात पेन खोचलेलं, जिने चढून-उतरून गाल लाल, आणि नजर अशी की माझी बोबडीच वळली.

"सिस्टर... ते काका... नाहीच आहेत."

"वारले?"

"नाही हो! जन्मालाच आले नाहीत."

सगळं सांगितलं. आता झापणार म्हणून मी मान खाली घातली. तर ती टेबलाला धरून हसायला लागली. थांबेचना!

"टेस्ट आडनाव बघूनही मला शंका आली नाही. म्हटलं असेल बाई, काय काय आडनावं असतात! पण पुतणेसाहेब, शिक्षा होणार. एक दिवस माझ्या मागे वॉर्डात फिरायचं."

साहेबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी बिनपाण्याने केली. पण ती दुसरी शिक्षा – ती मी आनंदाने भोगली.

तिच्या मागे फिरताना दिसलं, ती बीपी मोजायची आणि आकडा तळहातावर लिहायची.

"हात बघू?"

"भविष्य सांगताय?"

"कॉम्प्युटरमध्ये का नाही भरत?"

"एक आकडा भरायला किती पानं उघडावी लागतात, माहितीये? तोवर पुढचा पेशंट हाका मारतो. हात बरा. हँग होत नाही."

त्या निळ्या शाईच्या हातावरून माझं प्रोजेक्ट बदललं. एकच पान, मोठी बटणं, आकडा टाकला की काम संपलं. रोज जेवणाच्या सुट्टीत ती येऊन टेस्ट काकांवर ते वापरून बघायची. सरावाच्या सिस्टिममध्ये, पट्टी दोनदा बघून!

"हे बटण कोपऱ्यात का लपलंय? लाजतंय का तुमच्यासारखं?"

"सिस्टर, मी लाजत नाही."

"आणि सिस्टर म्हणू नका मला."

"मग काय म्हणू?"

"शोधा. माहितीचा अभ्यास करता ना?"

तेव्हापासून मला चैन नाही. लेक्चर लावायचो, सर बोलायचे, माझे कान जिन्यातल्या पावलांकडे. ती आली की बोलायचं विसरायचो, गेली की सगळं आठवायचं.

आणि त्यातच नोकरी आली. हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, लांबच्या शहरात. अट एकच – डिग्री हातात पाहिजे. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा." मग बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसली.

म्हणजे बघा... तिने जितकी जास्त मदत करायची, तितका मी लवकर जाणार. तरी ती रोज येतच राहिली. मला हे सहन होईना, आणि बोलताही येईना.

शेवटी तोंडी परीक्षा आली, तीही ऑनलाइनच. परीक्षक मॅडम स्क्रीनवर, सगळा वर्ग छोट्या चौकोनांत. खऱ्या नर्सने माझं पान वापरून दाखवायचं होतं. ती माझ्या शेजारी बसली. साबणाचा वास, खांद्याला खांदा लागेल न लागेल... तिने बीपी भरलं, औषध भरलं. झकास! उरलं एकच बटण – डिस्चार्ज.

तिचं बोट माउसवर थांबलं.

"नेटवर्क गेलं का?" मॅडमनी विचारलं.

"नेटवर्क आहे, मॅडम. हात चालत नाहीये."

"का?"

"काका घरी गेले की पुतण्या पण जाणार. लांब."

कोणाचा तरी माईक चालू होता. "अरे बापरे" स्पष्ट ऐकू आलं.

"उमेदवाराला काही बोलायचंय?"

"मॅडम, मला... सिस्टर..."

"सिस्टर?"

"सिस्टर नाही! म्हणजे आहेत, पण माझ्या नाहीत. मला या आवडतात. काका भरती झाले त्या दिवसापासून. नको ती नोकरी."

ती गर्रकन वळली. "नको कशाला? डिग्री ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन, मग नोकरीलाच बॅग भरून का जायचं? इथून करू का, असं विचारलं तरी का त्यांना?"

नव्हतं विचारलं. खरंच सुचलंच नव्हतं!

"प्रश्न उत्तम आहे," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "पण आधी डिस्चार्ज."

तिने बटण दाबलं. मी पास झालो.

कंपनीला विचारलं. ते म्हणाले, काम शिकायला आधी इकडे या, मग घरून करा. 'आधी' म्हणजे किती, ते काही सांगेनात. मी आलो. नवी खोली, नवं शहर, आणि जीव तिकडे टांगलेला. कामं भराभर उरकत होतो, पायाला भिंगरी लावल्यासारखा. आज दुपारी इथल्या साहेबांनी एकदाचं सांगितलं, "जा, आता घरूनच कर." तिला कळवणार, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो? तुमचा पेशंट आहे इथे."

"कोण? काका?"

"नाही. मीच. तक्रार – जेवण जात नाही, कामात लक्ष नाही. नातेवाईक म्हणून तुझा नंबर दिलाय. न्यायला कधी येतोस?"

"वर... पिवळी पट्टी आहे का बघ."

"बघितली," ती म्हणाली. "नाहीये."

मी बॅग भरायला घेतली.