तिसऱ्या रांगेतला उजवा हात

वाळूजला आमच्या कंपनीत सकाळी पावणेसातला, मशीन सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटं अंग ताणायचे व्यायाम सुरू झाले. पुढं उभं राहून ते घ्यायचं काम माझ्याकडं आलं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्याला तेवढं तरी जमेल, असं इंद्रजीत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्यांना फक्त फोटो पाहिजे असायचा. सगळ्यांचे हात सरळ वर, आणि सातच्या आत तो फोटो पुण्याच्या ऑफिसला.

तिसऱ्या रांगेत शेवटी साहेबराव मामा. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही. रोज बाम चोळून यायचे, रांगभर वास. वाकड्या फोटोवरून साहेब मला झापायचे, आणि कॉलेज का सोडलं म्हणून मामा डोकं खायचे. या दोन्ही म्हाताऱ्यांवर माझा लई राग साचला होता. एके दिवशी मागून जाऊन मी मामांचं मनगट धरलं.

"शिवम... नाय जात रे वर. सोड ना बाबा."

मी ओढलं. कट्ट. रांग हसली. मीही हसलो. फोटो गेला.

त्याच दुपारी रॅकवरून लोखंडी डाय, मशीनचा जड साचा, घसरला. डोक्यावर यायच्या आत मामांचा हात वर जायला पाहिजे होता. गेलाच नाही. मामा जागच्या जागी गेले.

चौकशीत मी सांगितलं, मामा त्या दिवशी व्यायामाला नव्हते. साहेबांनी फोटो आधीच पुसला होता, पुण्याला पाठवलेलाही. मामांच्या बायकोनं, पारूमामीनं, गेटवर एवढंच विचारलं, सकाळी हात दुखतो म्हणाले होते का. मी नाही म्हणालो. तिच्या चपलांकडं बघत.

व्यायाम चालूच आहेत. मामांच्या जागेवर कुणी उभं राहत नाही. मी 'हात वर' म्हटलं की तिथून आवाज येतो... कट्ट. साहेब म्हणतात, शेडचा पत्रा तापतो. डिसेंबरात, पावणेसातला?

आज मी हात वर केला, आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. गार बोटं. ओढलं नाही... नुसतं धरून ठेवलं. माझ्या मागं भिंत आहे.

शिफ्ट सुटल्यावर हात साबणानं तीनदा धुतला आणि तडक पारूमामीकडं गेलो. खरं सांगायचंच, असं ठरवून. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घ्यायला मी उजवा हात लांबवला, तशी ती थबकली.

"अरे... ह्यांच्या बामाचा वास तुझ्या हाताला कसा?"

मी तोंड उघडलं.

"भास असंल, मामी."

आणि माझ्याच खांद्यात, अगदी हळू... कट्ट.