भांगाचा रविवार

"हे तुम्ही लिहिलंय?"

छापखान्याच्या दारात छत्री झटकत उभा असलेला चंद्रप्रकाश दचकला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी बसली होती. कानामागे पेन्सिल, समोर त्याच्याच पत्रकाचं प्रूफ.

"हो. का?"

"मोठ्याने वाचून दाखवा जरा."

बाहेर पाऊस जाता जाता अंधेरीत रेंगाळत होता. चंद्रप्रकाशने घसा साफ केला आणि वाचलं, "शुक्ल व कृष्ण अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची आकर्षणे परस्परांस छेद देत असल्याने लघुतम भरती संभवते."

"संभवते म्हणजे? येते की नाही येत?"

"येते."

"मग येते म्हणा ना. समुद्र काय विचार करत बसतो का?"

छपाईचे खिळे जुळवणारे सहदेवभाऊ आतून हसले. छापखाना त्यांचा होता, आणि प्रुफं तपासणाऱ्या या सुलक्षणाच्या तोंडाला लगाम घालायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

"आणि लघुतम भरती कोण म्हणतं? त्याला भांग म्हणतात."

चंद्रप्रकाशची नजर नकळत तिच्या केसांकडे गेली. सरळ, रेघ मारल्यासारखा भांग. तिने झटकन डोक्यावर हात ठेवला.

"हा नव्हे!" ती म्हणाली. "आणि होळीला पितात ती पण नव्हे. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो ते उधाण, आणि अष्टमीला पाणी मरतं तो भांग. नाव काय तुमचं?"

"चंद्रप्रकाश."

"घ्या! नावात चंद्र, आणि भरतीचं काही माहीत नाही."

चंद्रप्रकाश अखिल भारतीय सागरविज्ञान परिषदेत नोकरीला होता. परिषद दिल्लीची, तिची शाखा अंधेरीत, दोन खोल्यांची. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं, त्यांच्या भाषेत, हे त्याचं काम. तो स्वतः अकोल्याचा. समुद्र त्याने पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी, आणि तोपर्यंत भरती-ओहोटीवरची चार पुस्तकं वाचून झाली होती.

"परिषदेने मान्य केलेली संज्ञा आहे ती," तो म्हणाला.

"समुद्राने केलीय का मान्य?"

त्याने प्रुफाची घडी घालून खिशात ठेवली. पण परत जाताना तो छत्री छापखान्यातच विसरला, आणि भिजतोय हे त्याला पार चौकात आल्यावर कळलं.

छत्री न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी एक स्वल्पविराम बदलायला आला. चौथ्या दिवशी तोच स्वल्पविराम परत टाकायला.

"एका पानाला सहा प्रुफं?" सहदेवभाऊ म्हणाले. "अख्ख्या पंचांगाला मला दोन लागतात."

"परिषदेचं काम आहे, भाऊ. चूक चालत नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. सुलक्षणाने मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढलं. टोक आधीच होतं.

सहाव्या प्रुफाच्या वेळी त्याने तिला खरं काय ते सांगितलं. परिषदेने मराठी व्याख्यानांना तीन रविवार दिले होते. घाटकोपरला अकरा माणसं आली. जोगेश्वरीला चार, त्यातला एक शाळेचा पहारेकरी. आता शेवटचं खारदांड्याला, तीन ऑक्टोबरला. दिल्लीहून कार्यवाह स्वतः बघायला येणार होते. सभागृह रिकामं राहिलं तर मराठी कार्यक्रम बंद, आणि चंद्रप्रकाशची बदली दिल्लीला, भाषांतराच्या टेबलावर.

"दिल्लीला..." सुलक्षणा म्हणाली. पेन्सिल तिने खाली ठेवली. मग एकदम, "तीन तारखेला? रविवारी?"

"हो. रविवारी सगळे मोकळे असतात."

"अहो, माझं घर खारदांड्याला आहे. माझे बाबा होडीवर जातात. आमच्याकडे कसला रविवार? तीन तारखेला पौर्णिमा आहे. उधाण! पाण्याला ओढ असते, जाळी भरून येतात. दांड्यात एक माणूस भेटायचा नाही तुम्हाला."

चंद्रप्रकाशने खिशातून परिषदेचं भरतीचं कोष्टक काढलं. ते त्यानेच तयार केलं होतं. तीन ऑक्टोबर... सर्वांत मोठी भरती. तो कोष्टकाकडे बघत राहिला.

"भरतीवर भाषण," सुलक्षणा हळूच म्हणाली, "आणि तेही भरतीलाच."

तिला हसू आवरेना. मग त्यालाही आवरेना.

"वाट लागली," तो म्हणाला.

"नाही लागली. पुढच्या रविवारी अष्टमी येते. भांगाला माणसं घरी बसून जाळी शिवतात. दहा तारीख करा."

त्याने दिल्लीला तार केली. 'व्याख्यान दहा तारखेस ठेवावे. समुद्राचे कारण.' दोन दिवसांनी उत्तर आलं. 'कारण अस्पष्ट. दहास येत आहे.' त्यात मान्यता होती की धमकी, ते त्याला ठरवता येईना. मग, एवीतेवी कार्यवाह रागावणारच आहेत तर पुरते रागावू देत, असं म्हणून त्याने पत्रकातलं 'लघुतम भरती' खोडलं आणि 'भांग' लिहिलं. पाचशे प्रती छापायला सांगितल्या.

आदल्या संध्याकाळी पत्रकं वाटायला दोघं दांड्यात हिंडली. शेवटी किनाऱ्यावर आली. सुलक्षणाने त्याला होडी बांधायचा एक खांब दाखवला. कमरेएवढ्या उंचीवर शेवाळाची हिरवी रेघ होती.

"पौर्णिमेला पाणी इथवर होतं. आता बघ, खाली कसं शांत पडलंय. पुस्तकात आहे का हे?"

ती 'बघ' म्हणाली होती, 'बघा' नव्हे. तिच्याही ते लक्षात आलं. ती घाईने समुद्राकडे बघू लागली.

"सुलक्षणा, उद्या कुणी आलं नाही तर—"

"येतील."

"पण नाही आले तर..."

"तर मीच पाचशे वेळा येऊन बसेन," ती म्हणाली. "दिल्लीला समुद्र नाही. तू काय करणार तिथे?"

दहा तारखेला अकराच्या ठोक्याला शाळेच्या सभागृहात कार्यवाह आणि चंद्रप्रकाश दोघंच होते. सव्वाअकराला माणसं यायला लागली. साडेअकराला बाकं संपली. बायका भिंतीला टेकून बसल्या. काहीजण अर्धवट शिवलेली जाळी मांडीवर घेऊन आले होते. हात चालू, कान इकडे.

कार्यवाह मूळचे पुण्याचे, वीस वर्षं दिल्लीत राहून मराठी कडक इस्त्रीची ठेवलेले. पत्रक वाचता वाचता ते थांबले.

"हे भांग काय आहे? ही संज्ञा कुणी दिली?"

पहिल्या बाकावरचे धाकूशेठ, सुलक्षणाचे वडील, सावकाश उठले.

"सायब, आज भांग हाय म्हनून तं आमी हितं बसलोय. मागल्या रविवारी तुमी एकटेच असता."

सभागृह हसलं. कार्यवाहांनी चष्मा काढला, भरलेल्या बाकांकडे पाहिलं, खिशातून पेन काढून आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "परिभाषा कोशात ही संज्ञा घालायला हवी. बोला, चंद्रप्रकाश. आणि पुढची व्याख्यानं भांग बघूनच ठेवत चला."

व्याख्यान पाऊण तासाचं होतं, प्रश्न दीड तास चालले. चार वेळा धाकूशेठांनीच चंद्रप्रकाशला दुरुस्त केलं.

सोमवारी तो छापखान्यात गेला. सुलक्षणा एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होती.

"आता कसलं काम? पत्रक तर संपलं," ती म्हणाली. पण आज तिच्या दोन्ही वेण्यांत अबोली होती.

"एक ओळ तपासून हवी होती. चूक चालत नाही... परिषदेचं काम नाही तरी."

त्याने कागद पुढे केला. सहदेवभाऊंना आत अचानक काहीतरी शोधायचं आठवलं.

कागदावर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'चंद्रप्रकाश व सुलक्षणा यांच्यामध्ये परस्पर आकर्षण संभवते.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. कानापर्यंत लाल झाली.

"कितीदा सांगायचं तुला," ती म्हणाली, पण आवाज नेहमीचा ठेवणं तिला काही जमलं नाही.

तिने कानामागची पेन्सिल काढली, 'संभवते' वर सरळ काट मारली आणि समासात लिहिलं: 'आहे.'

मग कागद त्याच्या हातात देत म्हणाली, "घरी विचारायला येशील ना? भांग बघून ये. बाबा तेव्हाच भेटतात."

तो कागद अजून आहे. शाईची अक्षरं फिकी पडली आहेत. समासातलं पेन्सिलीचं मात्र नीट वाचता येतं.