पाच किलोवॅट काहून?

मी चुकीच्या गच्चीवर चढले होते. ते कळलं, तेव्हा माझ्या हातातला टेप अर्धा उघडलेला होता.

"कोण हो तुम्ही?"

वळून पाहिलं. खांद्यावर टॉवेल, ओल्या केसांतून पाणी ठिबकतंय… आणि चेहऱ्यावर रागापेक्षा नवलच जास्त.

"सोलरवाली. सर्व्हेले आली," मी म्हटलं. "प्र. रामटेके, वैशाली नगर… तुम्हीच ना?"

"मी प्रेमानंद रामटेके. पण मी तर कोणाले बोलावलंच नाही. तुम्हाले प्रकाश रामटेके पाहिजे असन. मागची गल्ली."

मी घाईघाईनं टेप गुंडाळायला लागले. कान तापले होते. एप्रिल होता, सकाळी साडेनऊलाच ऊन चटके देत होतं, तेवढा बहाणा मला पुरला.

"थांबा ना," तो म्हणाला. "मलेही लावायचंच आहे. पाच किलोवॅट. आल्याच आहात तर मोजून टाका."

घरात माणसं दोनच – तो आणि त्याची आई, सिंधूताई. तो मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला, शिफ्टची ड्युटी. "जय भीम, बेटा," म्हणत सिंधूताईंनी मला माठातलं पाणी दिलं. मी नेहमीप्रमाणे वर्षभराची बिलं मागितली.

बिलं पाहिली आणि थबकले.

नागपुरातल्या गच्च्या मी तीन वर्षांपासून मोजतेय. कूलर सुरू झाले की इथं घरोघरचं बिल फुगतं. हे एकच घर असं, की जानेवारीत दीडशे युनिट आणि मे महिन्यातही दीडशेच.

"एक किलोवॅटचे पॅनल दिवसाले चारेक युनिट देतात," मी सांगितलं. "महिन्याले एकशेवीस. तुम्हाले दोन किलोवॅट खूप झाले. पाच काहून?"

"पाहिजे म्हणून."

"दोन माणसांत? घरात कारखाना टाकता का?"

"तुम्ही कंपनीकडून आहात का माझ्याकडून?" तो हसला. "दुसरी कोणी असती तर सात घ्या म्हणाली असती."

हसला छान… पण उत्तर काही दिलं नाही.

ऑफिसमध्ये विश्वनाथ सर म्हणाले, "गिऱ्हाईक पाच म्हणते ना? मंग पाच लिही अन् मोकळी हो." माझ्यानं लिहवेना. कुणाच्या गच्चीवर उगाच जास्तीचे पॅनल चढवणं मला जमतच नाही. आणि खरं सांगायचं तर, ते 'काहून' माझ्या डोक्यातून जाईना.

मी प्रेमानंदला फोन केला. "शेजारच्या कडुलिंबाची सावली दुपारी चारला कुठवर येते, ते पाहावं लागन."

"अन् सकाळची सावली? तीही पाहावी लागन ना?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

सकाळी गेले, तेव्हा तो होता. सावली पाच मिनिटांत पाहून झाली, चहा पाऊण तास चालला. चारच्या सावलीला गेले, तेव्हा तो ड्युटीवर होता. घरात शिरले, तर सिंधूताई वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घेत बसलेल्या. घामानं पदर चिकटलेला. कूलर समोरच होता – बंद.

"वं शामला, बरी आली. फ्रिजातून तुरीच्या दाळीचा डबा दे बरं."

मी फ्रिज उघडला. आत अंधार… आणि उबारा. डाळीचे डबे, पोहे, कुरड्या, पापड ओळीनं लावलेले. फ्रिज नव्हताच तो, कपाट होतं! वॉशिंग मशीनकडे पाहिलं, तर तिच्यावर रद्दीचा गठ्ठा.

"मावशी, हे सगळं बंद काहून?"

त्या जराशा लाजल्या. "प्रेमानंद तिथं मशीनपाशी उभा राहते, तेव्हा ही बत्ती बनते. मागं एकदा मी पाहून आली. काय गरम वं तिथं! लेकराच्या अंगाचं पाणी पाणी होते. मंग बटन दाबलं का त्याचं तोंडच दिसते मले… म्हणून बंद करतो."

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी बसले.

"मावशी, गच्चीवरची बत्ती उन्हाची राहीन. तिच्यासाठी कोणाले उभं राहावं लागत नाही."

"अन् रात्री? रात्री कुठलं ऊन?"

"दिवसा तुम्हाले लागून उरली ती बाहेर तारांत जाते. रात्री तिथूनच परत घ्यायची."

सिंधूताईंचा हात थांबला. "म्हणजे दिवसा माही बत्ती लोकांकडे जाईन?"

"हाव."

"तेवढं काम प्रेमानंदचं कमी होईन?"

एवढ्या मोठ्या वीज केंद्रापुढे या गच्चीची वीज ती केवढीशी… पण मी म्हटलं, "थोडंसं. पण होईन."

"मंग लाव वं!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "मीही हातभार लावतो त्याले."

रविवारी मी पुन्हा गेले. आता पाहायला एकही सावली उरली नव्हती. त्यानंही ते विचारलं नाही.

आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे होतो. मी कागद पुढे केला. "तुमचं बिल बरोबर आहे, पण ते अर्धंच सांगते. किती वापरली तेवढंच कळते त्यातून, किती लागते ते नाही. दोन कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं धरून उन्हाळ्यात महिन्याले सव्वातीनशे युनिट होतात. तीन किलोवॅट बस झाले. माझे दोन चुकले, तुमचे पाच."

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मागच्या मे महिन्यात ड्युटीवरून आलो," तो हळूच म्हणाला, "तर आई खाली पडून होती. बेशुद्ध. कूलर दोन हातांवर… बंद. किती रागावलो, किती विनवलं, ऐकतच नाही. मंग मले वाटलं, एवढी बत्ती आणतो, एवढी आणतो… का तिनं मोजणंच सोडून द्यावं."

"मावशी बंद नाही करणार आता," मी म्हटलं आणि परवाचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं तोंड कडुलिंबाकडे फिरवलं. मी माझं लक्ष टाकीच्या पाइपाकडे वळवलं. काही वेळानं तो पुन्हा वळला, तेव्हा डोळे लाल होते… आणि माझ्यावरून हटत नव्हते.

मी गडबडून फॉर्म उघडला. "एकच रकाना राहिला. पुढच्या पाच वर्षांत घरात माणसं वाढणार का?"

"एक लिहा."

"कोण?"

"विचारलं नाही अजून तिले."

"काहून?"

"आता विचारूनच राहिलो ना, शामलाजी…"

पेन माझ्या हातातच राहिलं. "मी… सांगते नंतर," एवढंच कसंबसं म्हणाले आणि जिना उतरून स्कूटी काढली. घरी पोचेपर्यंत आपण एकटीच हसतोय, हे मला कळलंसुद्धा नाही.

सोमवारी विश्वनाथ सरांनी फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवला. "हा रकाना रिकामा काहून? विचार अन् भर."

मी फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर.

"तुमचा एक रकाना रिकामा आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं. "मी… एक लिहून राहिली."

"काय? ऐकू नाही येऊन राहिलं!"

"एक लिहून राहिली!"

"कोण एक? जोरानं बोला!"

"मी!" मी ओरडले. "तुमच्या घरी मी येणार आहे!"

ऑफिसमधल्या सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. सरांचा चहाचा कप ओठांशी पोचता पोचता थांबला. फोनमधली घरघर मात्र कमी कमी होत गेली… तो चालत बाहेर आला असावा.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, शामला," तो म्हणाला.