बोलके जंतू आणि आईचा अंगठा

तो पहिल्यांदा भेटला तोच माझ्यावर चिडून. आणि मला आवडला, तोही बहुतेक तेव्हाच…

साखरेच्या आजारामुळे आईच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. "आता औषध लागू पडलं नाही, तर अंगठा काढावा लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तपासणीसाठी तिला भोकरदनहून जालन्याला आणलं. मी इतकी शहाणी, की परक्या माणसासमोर पाय स्वच्छ दिसावा म्हणून निघताना जखम जंतुनाशकानं खसाखसा धुतली. रिपोर्ट आला, काहीच सापडलं नाही!

"तुम्ही जंतूच धुऊन आणले, मंग मी शोधू काय?" लॅबमधला बुद्धभूषण म्हणाला. माझे डोळे भरलेले दिसले आणि त्याचा आवाज उतरला. "रडू नका हो… उद्या न धुता आणा. रविवार हाये, पण मी थांबतो."

तो खरंच थांबला. नमुना घेतल्यावर त्यानं एक काचेची बशी दाखवली. जांभळीगर्द.

"हे माझ्या संशोधनातले जंतू. रसायनं सोडून एकमेकांशी बोलतात. पुरेसे जमले की मंगच रंग धरतात. मावशींच्या जखमेतले बी असंच बोलून, एकजुटीनं हल्ला करतात."

"आणि हा पांढरा गोल?"

"तिथं मी त्यांचं बोलणं बंद पाडलं. जिवंत हायेत, पण गुमान."

"मंग आईला हेच द्या ना!"

"औषध व्हायला लई वर्षं लागतील. खोटी आशा कशाला देऊ? सध्या रिपोर्टप्रमाणं गोळ्या."

हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला फार बरं वाटलं.

"माझं बोलणं बंद पाडून दाखवा बरं," मी म्हटलं.

"तुमचं?" तो हसला. "ते… चालूच राहू द्या."

या वेळी जंतू सापडला, गोळ्या बदलल्या. दीड महिन्यानं जखम भरली, अंगठा वाचला. आई स्वतःच्या पायांनी लॅबचा जिना चढली.

"आभार मानायला आल्ते," मी त्याला म्हटलं. "पण एकदा मानून भागत न्हाई हो… रोज मानावे वाटतात. जन्मभर."

तो कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडे बघेचना, आईकडे वळला.

"मावशी, ही काय म्हणून राह्यली?"

आई खुर्चीत नीट टेकली, आम्हा दोघांकडे बघून हसली.

"बिलकुल बराबर म्हणून राह्यली, बाबा."