शेंदेलोण आणि तीन जेलीफिश

“मीठ कुठलं घातलंत?”

“शेंदेलोण.” रंजिताने मान खाली घातली. “म्हटलं, उपासाला चालतं... शुद्ध असतं.”

मुरबाडच्या बाजारातल्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानात चहूकडे बुडबुडे वाजत होते. काउंटरपलीकडच्या तरुणाने तिने टाकीतून भरून आणलेली पाण्याची बाटली उजेडात धरली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

“त्यांचा पण सोमवार हाय का?”

रंजिताला हसू आलं... आणि त्याच्यामागोमाग रडूही. दमली होती ती. अक्षयदादाने हौसेने तीन जेलीफिश आणल्या, गोल टाकी बसवली आणि आषाढात बोटीवर नोकरी लागली म्हणून निघून गेला. जाताना म्हणाला, “सांभाळ गो, जीव हाय माझा त्यांच्यात.” सांभाळायचं म्हणजे काय, ते टोकावड्याच्या घरात कोणाला ठाऊक? कोपरा लागला की त्या फाटतात, बुडबुडा अडकला की भोक पडतं, पाणी तापलं की गळाठतात. लाइट गेली की पंप बंद, आणि पाणी थांबलं की त्या तळाला बसतात. मग शाळेतून शिकवून आलेली रंजिता हातात लांब पळी घेऊन पाणी ढवळत बसायची — ओठांत शिवाचं नाव, खांद्यात कळ.

तरुणाने समुद्राच्या क्षारांची पिशवी पुढे ठेवली. “हे घाला, थोडं थोडं. आन् खायला काय देता?”

“ती... अंड्यातून निघालेली, कोळंबीसारखी बारीक पिल्लं. जिवंत.” तिचा आवाज बारीक झाला. “श्रावणात जीव मारायचा नाय, असा नेम हाय माझा. डोळे मिटून घालते. पण त्यांनी खाल्ल्याशिवाय मला घास जात नाय. घरातलं मुकं उपाशी ठेवून कसं जेवायचं?”

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग घर कुठं ते विचारलं आणि टोकावडं ऐकताच म्हणाला,

“मी घालीन. मी वैशाखऱ्याचा. जाता-येता तुमचं घर वाटेतच हाय. मी शेखर.”

आणि तो येऊ लागला. रोज, दिवेलागणीला. ओला रेनकोट ओट्यावर झटकायचा, ड्रॉपर हातात घ्यायचा. रंजिता पाठ फिरवून उभी राहायची.

“बघा आता, झालं. पोटं केशरी दिसायला लागली.”

“नक्की जेवल्या?”

“ढेकर तेवढी नाय दिली.”

ती पदरात हसायची. मग तिची आई, हौसाबाई, तिला वऱ्याचे तांदूळ वाढायची. लाइट गेली की पळी तो घ्यायचा. “तुमी बसा. नुसत्या बसा.” असं तिला कित्येक दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

पण शेंदेलोणाने व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक गेली, आठवड्याने दुसरी. शेवटच्या सोमवारी रंजिता शाळेतून आली, तर तिसरीही तळाशी भिजल्या कागदासारखी पडलेली. हौसाबाईने ती केळीच्या पानावर घेतली, परसात नेऊन पुरली.

आता त्याने यायचं कशाला? रंजिताने जड हाताने दुकानात फोन लावला. मालक पंढरीकाकांनी उचलला.

“शेखर निघाला गो कवाच.”

“वैशाखऱ्याला ना?”

“वैशाखऱ्याला कशाला? शहापूरचा तो! महिनाभर रोज उलट्या अंगाला कुठं पळतोय, देव जाणे.”

फोन ठेवून ती टाकीपाशी येऊन बसली.

तो आला. रिकामी टाकी बघून दारातच थबकला. “...कधी?”

“दुपारी.” पंप उगाच घुमत होता. “तुमाला उशीर होत असेल. वैशाखरं लांब हाय ना अजून?”

त्याचे कान लाल झाले. “काका बोलले वाटतं.”

“श्रावणात रोज खोटं बोललात?”

“रोज नाय. एकदाच बोललो. मग रोज निभावलं.” तो ड्रॉपर बोटांत फिरवत राहिला. “तुमी म्हणालात, त्यांनी खाल्ल्याशिवाय घास जात नाय. मग मलाच दुकानात डबा जाईना. आता... जेवा तुमी. माझं काम संपलं.”

तो वळला. आणि नेमकी लाइट गेली.

पंप थांबला. सवयीने ती पळीकडे धावली, तोही. पळीच्या दांड्यावर दोघांचे हात एकदमच पडले... आणि मग दोघांनाही आठवलं. ढवळायचं कोणासाठी?

हात कोणीच काढला नाही.

“मी नेम बदलला,” ती अगदी हळू म्हणाली. “आता तुमी जेवल्याशिवाय मला घास जायचा नाय.”

“शहापूर लांब हाय गो. रोज उपाशी राहशील.”

“मग... लांब राहू नका.”

आतून हौसाबाई समई घेऊन आली. दोघांकडे तिने एकवार पाहिलं, समई टाकीजवळ ठेवली आणि दुसरं ताट काढायला परत आत गेली.