यजमान

माणसाच्या रक्ताची कडी काढून टाकल्याला आता एक पिढी उलटली होती. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. हिवतापाचा परजीवी त्यालाच धरून लटकतो आणि अर्ध्या मिनिटात आत शिरतो. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाला 'कडी' हे नाव दिलं आणि इंजेक्शन देऊन लहानथोर सगळ्यांच्या रक्तातून ते घालवलं. डास चावायचे ते चावतच राहिले, पण परजीवीला कुणी दारात उभं करेना.

एक घर तेवढं उघडं राहिलं. द्वारकाबाईंना ते इंजेक्शन सोसलं नव्हतं. त्यांच्या रक्तात परजीवी सुखाने नांदत होता, आणि संशोधन संस्थेला तो हवाच होता. तो पेशीत शिरतो त्याच वाटेने औषध आत कसं धाडायचं, हे शिकायचं होतं. काचेच्या बशीत हा पठ्ठ्या जगत नसे. त्याला हाडाच्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशीच लागत. म्हणून घाटमाथ्यावरच्या जाळीबंद बंगलीत बाईंना ठेवलं होतं. परजीवीने बाहेर पडून नव्या वाटा शोधू नयेत, यासाठी डॉक्टर शमा नाखवाखेरीज तिथे कुणाला प्रवेश नव्हता.

ज्याच्या अंगात परजीवी राहतो त्याला शास्त्रात यजमान म्हणतात, हे ऐकून बाई पोटभर हसल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन कैक वर्षं झाली होती.

दिवसाआड हुडहुडी भरे. शमा येई, रक्त घेई, अंगावर गोधड्या टाकी आणि घाम फुटेपर्यंत हात धरून बसे. बाकीचा वेळ बाई भिंतींशी बोलत.

आजही बाई कुडकुडत होत्या. शमाने पिशवीतून सुई काढलीच नाही.

"मावशी, संस्थेचं काम संपलंय. मागल्या महिन्यात दिल्या त्या गोळ्या औषधाच्या होत्या. तेव्हापासून तुमचं रक्त स्वच्छ आहे."

बाईंचे दात वाजायचे थांबले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हुडहुडी खोटी आहे हे मला ठाऊक होतं, तरी येत राहिले," शमा हळूच म्हणाली. "पण आता माझी बदली झालीय."

तुम्ही हवं तिथे जायला मोकळ्या आहात, असंही तिने सांगितलं. पण बाईंना ज्याच्याकडे जावं असं कुणी उरलंच नव्हतं.

"तो परजीवी सगळा संपला?"

"एक कुपी गोठवून ठेवलीय. उद्या जाळायची. तो शिरू शकेल असं दुसरं रक्तच जगात नाही."

"म्हणजे त्यालाही माझ्यावाचून कुणी नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

शमाने तो दोन्ही हातांत धरला. बाईंनी हलकेच सोडवून घेतला, आणि सुईसाठी शीर वर यावी म्हणून मूठ घट्ट आवळली.