लाल दोऱ्याची गाठ

माळ्यावरची गोणी जागेवर नव्हती.

महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी मोठी पितळी पातेली काढायला म्हणून माया स्टुलावर चढली होती. पातेली होती, परात होती, जुन्या पंख्याची पाती होती... आणि ज्या कोपऱ्याकडे गेली आठ वर्षं तिने चुकूनही पाहिलं नव्हतं, तिथे धुळीत एक रिकामा चौकोन तेवढा उरला होता. तिने माळ्याची कड घट्ट धरली. 

"माया, पातेली सापडली का नाई?" स्वयंपाकघरातून सासूचा, बेबीताईंचा, आवाज आला. "आत नको आणू. उंबऱ्यापाशी ठेव, मी उचलून घेईन."

उंबऱ्यापाशी ठेव... वर्षभर या घरातल्या पोळ्या मायाने लाटायच्या, भांडी मायाने घासायची, आजारपणं मायाने काढायची. पण महालक्ष्म्या घरात बसल्या की तीन दिवस तिने शेगडीजवळ यायचं नाही आणि नैवेद्याला बोट लावायचं नाही. ही शिक्षा कुणी सुनावली नव्हती. एका भाद्रपदात ती आपोआप लागू झाली आणि दुसऱ्या भाद्रपदापासून तिची रीत झाली.

"आई, माळ्यावरची गोणी कोणी काढली?"

"तुह्या मामाजीनं. परवा काढली, अन् आज सकाळच्या गाडीनं तेच बोचकं घेऊन अमरावतीले गेले. धाकल्या सुनेले आणतो म्हणे, रागिणीले. आठ वर्सं जे पोरगी आली नाही, ते आज येईन का? नवे डोळे काय लागले, म्हाताऱ्याले घरात चैन नाही."

माया पातेली घेऊन खाली उतरली, ती उंबऱ्यापाशी ठेवली, आणि भाज्यांची पाटी तशीच टाकून घराला लागून असलेल्या दुकानात गेली. कामाच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरलेला होता आणि त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले सहा स्क्रू होते. सासऱ्यांची, तिच्या मामाजींची, ही सवयच होती. जे उघडायचं त्याचे स्क्रू असे मांडून ठेवायचे... तिने डोळे मिटले. म्हणजे त्यांनी गोणीतला मिक्सर उघडला होता.

अकोल्याच्या जुन्या शहरात केशवरावांचं हे मिक्सर दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षांचं. दारावर पत्र्याचा बोर्ड, त्यावर त्यांनी स्वतः रंगवलेली अक्षरं. गल्लीतल्या पोरींच्या आंदणात आलेले मिक्सर पहिल्यांदा कुरकुरले की इथेच यायचे. कुणी अख्खी हळकुंडं दळायला घालून मोटार जाळलेली असायची, कुणी उकळता रस्सा भांड्यात ओतून झाकण छताला चिकटवलेलं असायचं, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, काही केलं नाही हो, आपोआपच बंद पडला! केशवराव हसायचे, वाद घालायचे नाहीत. मोटारीच्या तारा नव्याने गुंडाळायचे आणि शेवटी सांध्यावर लाल दोऱ्याची एक बारीक, दुहेरी गाठ मारायचे. ती गाठ आत दिसली की दुसरा मिस्त्रीसुद्धा म्हणायचा, हा केशवरावांच्या हातून गेलेला माल आहे, याला पाहायला नको.

माया बार्शीटाकळीची. केशवरावांच्या थोरल्या मुलाची, जीवनची, बायको. लग्नाला वर्षं लोटली तरी कूस उजवली नाही, तेव्हा लोकांच्या चौकशा चुकवायला ती दुपारची दुकानात येऊन बसू लागली आणि सासऱ्यांनी काहीही न विचारता तिच्या हातात टेस्टर दिला. "बस, पोरी. हे शिक. तारीले कोनाचं काही घेणं नसते," एवढंच ते म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मायाने त्यांना बापाच्या जागी मानलं.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला ते भ्यायचे. ओळखीच्या एकाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून जायचे. मायाने एकदा त्यांची सुटी राहिलेली तार पाहिली, मग दुसरी पाहिली... आणि तिने एक शक्कल काढली. चार वाजले की "मामाजी, चहा घेऊन या जा" म्हणून त्यांना घरात धाडायचं आणि चहा होईपर्यंत त्यांनी केलेली प्रत्येक वस्तू उघडून, टेस्टर लावून, सैल ते घट्ट करून पुन्हा बंद करायची. त्यांना कधी कळलं नाही. बोर्डावरचं नाव तसंच राहिलं, आणि ते तसं राहावं यात तिला कुणाला न सांगता येणारं एक सुख होतं.

एकच वस्तू तपासायची राहिली. घरचीच.

आठ वर्षांपूर्वीच्या महालक्ष्म्या. केशवरावांनी आदल्या दिवशी घरातला लोखंडी बॉडीचा जुना मिक्सर दुरुस्त करून दिला. माया महालक्ष्म्यांना साड्या नेसवण्यात गुंतली होती. उद्या पाहू, घरचंच तर आहे, असं तिला वाटलं. सकाळी धाकटी जाऊ रागिणी, अंकुरची बायको, पाचवा महिना लागलेली, ओल्या हाताने वड्यांची डाळ वाटायला बसली... आणि तिचा हात मिक्सरला चिकटला. मायाने लाकडी पाट मारून प्लग उडवला. रागिणी वाचली. पोटातलं लेकरू वाचलं नाही.

सारे दवाखान्यात धावले तेव्हा मागे राहिलेल्या मायाने मिक्सर उघडला. तारेचा एक उघडा धागा बॉडीच्या स्क्रूखाली दाबला गेला होता, आणि त्याच्या शेजारीच कालची ताजी, लालभडक गाठ होती. तेवढ्यात, डोळ्यांमुळे मागेच राहिलेले केशवराव दारात आले. दोन्ही हातांनी चौकट चाचपत, त्या दुधाळ डोळ्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेला पाहत त्यांनी विचारलं, "माया... माह्या हातून त काही राहिलं नाही ना वो?"

तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस हे ऐकून जगणार नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळलं.

"नाही मामाजी. मी मिक्सर नळाखाली धुतला होता. ओलाच लावला."

मग तिने तो मिक्सर गोणीत घालून माळ्यावर सारला. एका श्वासात बोललेलं हे खोटं तिला वाटलं होतं त्याहून फार महाग पडलं. कारण ते कुणाला पटलंच नाही! मिस्त्रीच्या घरची सून मिक्सर नळाखाली धुते? एकीने विचारलं, दुसरीने आवाज खाली घेतला आणि तिसरीने उरलेलं बोलून टाकलं... स्वतःची ओटी रिकामी, म्हणून दुसरीचीही. दवाखान्यातून आलेल्या रागिणीने तेच तिच्या तोंडावर म्हटलं आणि ती अंकुरला घेऊन अमरावतीला गेली ती गेलीच. जीवनने कधी काही विचारलं नाही. त्याच्या न विचारण्याचाच मायाला अधिक जाच व्हायचा. अमरावतीत रागिणीला मुलगी झाली, आकांक्षा. ती आता सहा वर्षांची होती. मायाने तिला फक्त जीवनच्या मोबाइलमध्ये पाहिलं होतं. एकदाच, नांदगाव खंडेश्वरच्या एका लग्नात, ती पोर धावत येऊन तिच्या गुडघ्याला बिलगली होती, तर रागिणीने दंड धरून तिला ओढून नेलं होतं. त्या रात्रीपासून माया लग्नकार्यांना जात नव्हती.

आणि आता, महिन्याभरापूर्वी, मायानेच हट्ट धरून केशवरावांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करवलं होतं. पट्टी निघाली तेव्हा ते तिच्याकडे पाहून म्हणाले होते, "तुहे केस कवा पिकले वो?" तेव्हा ती हसली होती. त्या डोळ्यांना अजून काय काय दिसेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास दारात ऑटो थांबला.

केशवराव उतरले, हातात गोणी. मागून रागिणी उतरली. तिच्या पदराला धरून एक किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. विळीवरचा मायाचा हात थांबला. रागिणीने तिच्याकडे पाहिलं नाही. केशवराव तडक बैठकीत गेले, जिथे दोन्ही महालक्ष्म्या नटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे त्यांनी तो मिक्सर ठेवला, पोट उघडलेला.

"अवं, बाहेर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "जीवन, तूबी ये. सारे पाहा. ही तार. हा स्क्रू. अन् ही गाठ कोनाची हाय?"

बेबीताई कणकेच्या हातांनी तशाच वाकल्या. लाल दोरा आता विटकरी झाला होता.

"तुमचीच हाय," त्या म्हणाल्या.

"माहीच. याच्यात पाणी गेलं असतं त इथं गंज चढला असता. पाण्याचा थेंब शिवला नाही याले. मायानं काही धुतलं नव्हतं. माह्या हातानं माहा नातू गेला, अन् ह्या पोरीनं ते आपल्या नावावर घेतलं. सकाळी रागिणीले सांगून आलो. आता तुमाले सांगून राहिलो."

 जीवन भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. मायाच्या तोंडून हुंदका फुटला, पण तो सुटकेचा नव्हता.

"मामाजी, माही चूक होती," ती म्हणाली. "तेवढं एकच मी तपासलं नाही."

"काय तपासलं नाही?"

 आठ वर्षं दाबून धरलेलं आता थांबत नव्हतं.

"तुमी चहाले जात, तवा मी सारं पाहून घेत होती. तुमाले दिसत नव्हतं, मामाजी..."

केशवराव मिक्सरपाशी खाली टेकले. 

"किती वर्सं?"

"त्याच्या आधी दोन. मंग हे आठ."

"म्हंजे दहा वर्सं लोकं माह्या नावानं घेऊन गेले, अन् हात तुहा होता," ते हलकेच म्हणाले. त्यात राग नव्हता. ते उठले, मायाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि दुकानाकडे चालू लागले.

तेव्हा रागिणी बोलली. तिचा आवाज कोरडा होता.

"ताई, तुमी मामाजीले वाचवलं. मले कोनी वाचवलं? आठ वर्सं मी तुमाले शाप देल्ले. देवापुढं दिवा लावून देल्ले. घरात मिक्सर येऊ देला नाही, खलबत्त्यात कुटून हाताले घट्टे पाडले, अन् दर घावाले तुमचं नाव घेतलं. माह्या लेकरासाठी मले नीट रडूबी देलं नाही तुमी... नुसता रागच करू देला."

 आपण स्वतःला जाळून घेतलं, एवढंच मायाला आजवर माहीत होतं. त्या धगीत ही पोर होरपळत राहिली, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. त्यागाच्या ज्या एका आधारावर ती आठ वर्षं उभी होती, तोच तिच्या पायाखालून सरकला. तिने हात जोडले.

"चुकलं माहं, रागिणी."

रागिणीने ते जोडलेले हात धरले. ते सोडवावेत की त्यांवर डोकं टेकावं हे न कळून ती तशीच उभी राहिली आणि मग एकदम, आठ वर्षांचं, त्या न जन्मलेल्या बाळाचं रडणं तिला फुटलं. दोघी जावा तिथेच खाली बसल्या. बेबीताईंनी पदर तोंडात कोंबला होता. काही वेळाने त्यांनीच घोगऱ्या आवाजात म्हटलं, "माया, आत चाल. दिवे कराचे राहिले. माह्यानं काही आता कणीक मळवत नाही."

माया उठली. पण उंबऱ्यापाशी आली तेव्हा तिचे पाय आपसूक थांबले. आठ वर्षांची सवय होती ती. पलीकडून पुरणाचा आणि आंबिलीचा वास येत होता.

मागे आकांक्षाने आईला विचारलं, "आई, हीच का ते? जिले हात नाही लावू देत?"

रागिणीने डोळे पुसले. पोरीला उचललं, उंबरा ओलांडला, आणि माया कशीबशी आत येऊन परातीपुढे बसली तेव्हा तिच्या मांडीवर पोरीला ठेवलं.

"तुही मोठी आई हाय," ती म्हणाली. "बस तिच्यापाशी. दिवे शिक."

मुलगी आधी आखडून बसली. मग तिने कणकेचा गोळा मायाच्या हातातून काढून घेतला, अंगठ्याने मधोमध दाबला आणि तो वाकडातिकडा दिवा तिच्या तोंडासमोर धरला. डोळ्यांतल्या पाण्याने मायाला तो दिसेना. तिने मान हलवून छान झालाय असं सांगितलं. मुलगी सैल झाली आणि तिच्या छातीला पाठ टेकून दुसरा गोळा वळू लागली.

तेवढ्यात दुकानाच्या बाजूने शिडी टेकवल्याचा आवाज आला. मग स्क्रू फिरल्याचा... एक, थांबून दुसरा. चाळीस वर्षांचे गंजलेले स्क्रू होते, कुरकुरत निघत होते. जीवनचा आवाज आला, "बाबा, राहू द्या ना." उत्तर आलं नाही. बोर्डाचा पत्रा भिंतीवरून सुटल्याचा खणखणाट झाला.

मायाला सारं कळलं. धावत जावं, शिडी धरावी, म्हणावं, मामाजी, यासाठीच तर सारं सोसलं, हे तेवढं उतरवू नका... तिने उठण्यासाठी हात जमिनीला टेकला.

मांडीवर आकांक्षा बसली होती. तिच्या भाराने माया उठू शकली नाही.